चहाचा नमुना

ड्रॉपरच्या टोकाशी शेवटचा थेंब नेहमी रेंगाळतो. आधी तो फुगतो, मग खाली ओघळून लांबट होतो, त्याची मान बारीक होत जाते आणि मग तो तुटून पडतो. कॉफीवर एक लहानसं वर्तुळ उमटतं, कपाच्या कडेपर्यंत जातं आणि विरतं. सगळं मिळून तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत दादा स्वयंपाकघरात आला तर काय करायचं, याचं उत्तर चौदा महिन्यांत मापाडीला सापडलं नव्हतं.

मापाडी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी दोघांच्या पेल्यांतलं दूध सारखं आहे का, हे ती पट्टी लावून बघायची, म्हणून दादानेच ठेवलेलं. पुढे ती शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत लागली तेव्हा दादा म्हणाला होता, "बघ, मी नाव ठेवलं आणि सरकारनं त्यावर शिक्का मारला." तेव्हा तो इमारतींचे आराखडे काढायचा. एक रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी अख्खा कागद पुन्हा काढायचा. लोक म्हणायचे, बहीणभाऊ एकाच साच्यातले.

मग सहा वर्षांपूर्वी दादाला नसलेले आवाज ऐकू यायला लागले. ऑफिसातले लोक आपले विचार उतरवून घेतात, असं तो म्हणायचा. पंख्याच्या आवाजात त्याचं नाव असायचं. दोनदा रुग्णालयात राहून आला. औषधाने बरा व्हायचा, बरं वाटलं की औषध सोडायचा, औषध सोडलं की पुन्हा पंखा बोलायला लागायचा. गोळी घशात अडकते म्हणाला, म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. ते त्याने आठवडाभर घेतलं आणि मग एका सकाळी बाटली खिडकीतून खाली फेकली. पुढची बाटली आईने डब्यांच्या मागे लपवली.

"आठ दिवस कॉफीतून देऊ," आई म्हणाली होती. "जरा ताळ्यावर आला की सांगून टाकू."

मापाडीने कॉफीत चालतं का ते माहितीपत्रकात वाचून घेतलं. चालत होतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते समोरच्या गर्दीकडे बघत म्हणाले, "बघा कसं जमतंय ते." हे 'हो' होतं की 'नाही', यावर तिने पुष्कळ विचार केला. तोवर आठ दिवस संपले होते, आणि दादा झोपायला लागला होता, आंघोळ करायला लागला होता, एकदा तर हसलाही होता. जमतंय त्याला हात कोण लावणार?

फक्त एक संशय गेला नाही. कुणीतरी माझ्या खाण्यापिण्यात काहीतरी घालतं, असं तो अधूनमधून म्हणायचा. डॉक्टरांच्या कागदावर ते 'भ्रम' म्हणून नोंदलेलं होतं. दादाच्या सगळ्या भ्रमांत तेवढा एकच खरा होता, आणि ते ठाऊक असलेल्या दोघीजणी मान खाली घालून कपबश्या विसळत होत्या.

*

सगळं बिघडलं ते सोमवारी, एका साध्या चहापायी.

त्या दिवशी मापाडी कॉफी न करताच लवकर निघून गेली होती. दादाने कॉफी नको, कोरा चहा हवा म्हणून सांगितलं. हे औषध चहात घालायचं नसतं, त्यात ते नीट विरघळत नाही, हे मापाडीने लाल शाईने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. आईने कपाट उघडलं, बाटली काढली, चहात औषध घातलं आणि कपाट लावून टाकलं.

"अगं, मी लिहून ठेवलं होतं ना!" संध्याकाळी मापाडी म्हणाली.

"चहा काय नि कॉफी काय, पोटात जाऊन एकच."

"पोटात एकच असेल, आई. कपात नाही. कोरा चहा गढूळ झाला असणार."

"झाला थोडा. मला वाटलं साय."

"कोऱ्या चहाला साय?"

आई चिडली. "मग काय करायला हवं होतं मी? तू आज सात वाजताच लोकांचं पाणी मोजायला निघून गेलीस. इथं तो डोळे रोखून उभा असतो. त्याने चहा मागितला आणि मी कॉफी दिली असती, तर विचारलं असतं, कॉफीच का? काय सांगणार होते?"

हे खरं होतं, म्हणूनच मापाडीला जास्त राग आला. आईच्या चुकीच्या बोलण्यावर तिच्याकडे उत्तर असायचं. बरोबर बोलण्यावर काहीच नसायचं.

"तो काही बोलला?"

"नाही. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघितला. मग खोलीत घेऊन गेला."

"प्यायला?"

"मी काय त्याच्या घशात बघू?"

दुसऱ्या दिवसापासून दादाने आईच्या हातचं खाणं बंद केलं. केळी चालत, कारण ती तो स्वतः सोलायचा. उकडलेली अंडी चालत, कारण कवच फुटल्याशिवाय आत काही घालता येत नाही. पाणी तो नळाला तोंड लावून प्यायचा. आणि मापाडीच्या हातचं सगळं चालत होतं.

"तुझं चालेल," तो तिच्याकडून कॉफीचा कप घेत म्हणाला. "तुला खोटं माप येतच नाही."

मापाडी ओट्याकडे वळली आणि पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसला.

आईने दारातून हे ऐकलं होतं. तो आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "असू दे. माझ्या नावावर जाऊ दे. कुणा एकावर तरी विश्वास राहायला हवा ना त्याचा."

"पण घालते मी, आई."

"म्हणूनच म्हणते. तुझ्या हातचंही बंद झालं तर काय करायचं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा हा मामला. त्यात मामाचा फोन. मामा दर मंगळवारी फोन करून इलाज सांगतो. याआधी त्याने हवापालट सांगितला होता, व्यायाम सांगितला होता, कुत्रा पाळायला सांगितला होता. या खेपेला म्हणाला, "त्याचं लग्न करून टाका. जबाबदारी पडली की डोकं आपोआप जागेवर येतं."

"मामा, तुझं आलं का?" मापाडीने विचारलं, आणि फोन आईकडे दिला.

*

बुधवारी दुपारी ती रुग्णालयातल्या गटात गेली. असे रुग्ण घरी असलेल्यांसाठी तिथे दर बुधवारी दोन तास बैठक असते. समुपदेशक बाईंनी तीनदा बोलावलं होतं आणि तीनदा मापाडीने काम आहे म्हणून सांगितलं होतं. खोली दुसऱ्या मजल्यावरची, व्यायामोपचाराची. कोपऱ्यात भलेमोठे रबरी चेंडू, भिंतीवर पाठीच्या मणक्याचं चित्र, मधे सात खुर्च्या. त्यातली एक डुगडुगणारी नेमकी तिच्या वाट्याला आली.

"गेल्या आठवड्यात तुमची झोप किती झाली?" बाईंनी विचारलं.

"माझी?" मापाडी म्हणाली. "ही बैठक त्याच्यासाठी आहे ना?"

"नाही. त्याच्यासाठीची खालच्या मजल्यावर असते. ही तुमच्यासाठी."

मापाडीने डुगडुगणारी खुर्ची सावरली. तिने खरंच आठवून बघितलं. रोजची साडेचार तास भरली. आकडा ऐकून शेजारचे गृहस्थ हसले. हे बस चालवत, आता निवृत्त. आजार त्यांच्या बायकोला. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत.

"साडेचार? पोरी, तू तर आमच्यात श्रीमंत."

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. बायकोला दारात एक माणूस दिसतो. आधी ते भांडायचे, नाही म्हणजे नाही, कुणी नाही तिथे. मग या बैठकीत शिकले, की भांडू नये. तुला दिसतो तो मला दिसत नाही, पण तू घाबरलीस ते मला दिसतंय, असं म्हणावं. "घरी जाऊन अगदी पाठ केल्यासारखं म्हटलं. तर बायको माझ्याकडे बघून म्हणते कशी, 'हे कुणी शिकवलं?' दारातला माणूस राहिला बाजूला, माझीच चौकशी सुरू!"

सगळे हसले. मापाडीही हसली, आणि हसता हसताच तिच्या तोंडून निघून गेलं. "मी भावाला चोरून औषध देते. कॉफीतून. चौदा महिने झाले."

कुणी दचकलं नाही. तिला वाटलं होतं, खोली गप्प होईल. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नुसती मान हलवली, जशी कुणी दूध उतू गेल्याचं सांगितल्यावर हलवावी.

"मीही घातलंय," ड्रायव्हरकाका म्हणाले. "दीड महिना. सूपमधून. तिला कळलं तेव्हा तीन महिने बोलली नाही. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला लागली."

"आणि औषध?"

"पहिले दोन महिने काही नाही. वाईट गेले ते, खोटं कशाला सांगू. पुन्हा दाखल करावं लागलं. आता स्वतः घेते. कधी घेते, कधी बाटली माझ्यावर उगारते. पण मी पेला पुढे केला तर पिते. वास घेत नाही. हे तुला छोटं वाटेल."

मापाडीला ते छोटं वाटलं नाही.

समुपदेशक बाईंनी तिला उपदेश केला नाही, त्याबद्दल ती मनातल्या मनात त्यांची आभारी होती. त्यांनी फक्त काम सांगितलं. सांगायचं ठरवाल तेव्हा आधी मला फोन करा. डॉक्टरांशी मी बोलून ठेवते; नवीन आहेत, ऐकून घेतात. औषधाचे दुसरे मार्गही आहेत, महिन्यातून एकदा इंजेक्शनही असतं, पण ते त्याला विचारून. आणि सांगताना कारणं देत बसू नका. काय केलं, किती दिवस केलं, आता काय करणार. एवढंच.

"आणि तो बिघडला तर?"

"बिघडू शकतो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर फोन नंबर देते आहे. नुसता धीर द्यायचा असता तर नंबर कशाला दिला असता?"

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं. आई मोजे जोडीला लावत बसली होती. म्हणाली, "सांगू की. पण आत्ता नको."

"का?"

"उकाडा किती आहे. उकाड्यात त्याचं डोकं तापतं."

"हिवाळ्यात म्हणालीस, थंडीत तो उदास असतो."

"असतोच."

"त्याच्या वाढदिवसाच्या आधी नको होतं. वाढदिवसानंतर लगेच नको होतं. आई, तुझ्या कॅलेंडरात 'आत्ता' नावाची तारीख आहे तरी का?"

आईने एक मोजा हातात तसाच धरून ठेवला. "आहे ना. ती आली की सांगेन."

मापाडी तिच्यावर ओरडणार होती, पण तिला आठवलं, या चौदा महिन्यांत प्रत्येक वेळी आईने 'नको' म्हटल्यावर आपल्यालाही हायसंच वाटलं होतं.

*

गुरुवारी अकरा वाजता प्रयोगशाळेच्या खिडकीवरचा कारकून आत आला. लोक विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटलीत भरून आणतात, ते या खिडकीवर घेतलं जातं. कारकुनाच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मॅडम, बाहेर एक गृहस्थ आलेत. चहा तपासायचा म्हणतात."

"इथे पाणी तपासतात म्हणून सांगा."

"सांगितलं ना. तर म्हणाले, चहात नव्याण्णव टक्के पाणीच असतं, उरलेल्या एका टक्क्यासाठी आलोय. आता यावर काय बोलायचं? आणि मॅडम, अर्ज असा भरलाय, की आपल्या साहेबांनीही असा कधी भरला नसेल. अक्षर तर छापल्यासारखं."

मापाडीच्या हातात पिपेट होती. ती तिने सावकाश स्टँडवर ठेवली आणि ती खिडकीकडे निघाली.

दादा सात महिन्यांत एकटा घराबाहेर पडला नव्हता. आज तो बस बदलून इथवर आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत उभा राहून. खिडकीच्या फळीवर त्याने दोन छोट्या बाटल्या ठेवल्या होत्या. दोन्हींची झाकणं चिकटपट्टीने बंद, पट्टीवर आडवी सही, म्हणजे कुणी उघडली तर कळावं. शेजारी अर्ज. तिने तो वाचला.

नमुना क्रमांक एक: सोमवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, घरी दिलेला चहा. नमुना क्रमांक दोन: तुलनेसाठी, त्याच भांड्यात, त्याच पत्तीचा, मी स्वतः केलेला चहा. साठवण: खिडकीत, सावलीत. कोणावर संशय: आई. तपासणी कोणाकडून व्हावी, असा रकाना छापील अर्जात नव्हता. तो त्याने खाली पट्टीने रेघ मारून स्वतः आखला होता आणि त्यात लिहिलं होतं: मापाडी, कारण ती आकडा बदलत नाही.

तुलनेचा नमुना घ्यावा, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. वीस वर्षांपूर्वी, शाळेच्या प्रयोगासाठी दोन कुंड्यांत बिया लावताना. एका कुंडीला काहीच करायचं नाही, दादा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार कसं? आणि आता तो माणूस, ज्याला पंख्यात स्वतःचं नाव ऐकू येतं, तो शंभरजणांना सुचणार नाही अशी तुलनेची बाटली घेऊन रांगेत उभा होता. पहिल्या बाटलीच्या तळाशी फिकट गाळ बसला होता. दुसरी स्वच्छ होती.

तिला एकाच वेळी त्याचा अभिमान वाटला आणि सगळ्यांचा संताप आला: त्या 'बघा कसं जमतंय' म्हणणाऱ्या डॉक्टरांचा, मामाचा, आईच्या साईचा, लाल शाईतल्या स्वतःच्या सुबक अक्षराचा.

"दादा, बस जरा बाकावर. आलेच."

"सावकाश ये," तो म्हणाला. "घाईत मोजलं की चुकतं."

आत जाऊन तिने घरी फोन लावला.

"आई, दादा इथे आलाय. चहा घेऊन."

आईला समजायला एक क्षण लागला. मग ती भरभर बोलायला लागली. "म्हण, काही सापडलं नाही. चहापत्तीचा गाळ आहे म्हण. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा, तू लिहिलंस की संपलं. 'आढळलं नाही' एवढंच तर लिहायचंय."

"त्याने तुलनेचा नमुनाही आणलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझा मुलगा माझ्यापेक्षा हुशार आहे."

"मग तर नक्कीच लिही! ऐकतेस ना? लिही बाई, तुझ्या पाया पडते."

फोन ठेवल्यावर तिने अहवालाचा कोरा कागद खरंच पुढे ओढला. इतक्या वर्षांत 'आढळलं नाही' तिने कितीदा लिहिलं असेल, त्याची गणती नव्हती, आणि प्रत्येक वेळी आढळलं नव्हतं म्हणूनच लिहिलं होतं. एकदा एका टाकीच्या पाण्यातला आकडा जरा खाली आणा म्हणून वरून निरोप आला होता, तेव्हा तिने निरोप्यालाच पाण्याचा पेला भरून दिला होता आणि म्हटलं होतं, प्या मग. तिने पेन उघडलं. एवढं एक वाक्य लिहिलं की दादाला आपल्याच बुद्धीवर विश्वास ठेवता येणार नाही. गाळ डोळ्यांना दिसतोय आणि जगातला शेवटचा विश्वासू माणूस म्हणतोय की नाही. हे औषध नव्हतं. हा आजारच ती स्वतःच्या हाताने त्याला पाजणार होती.

तिने पेन बंद केलं आणि दुसरा नंबर लावला.

"मी आज सांगते आहे," ती समुपदेशक बाईंना म्हणाली. "आत्ता. तो माझ्या ऑफिसात आहे."

"एकट्या आहात?"

"कारकून आहे. चांगला आहे, नुसता हसतो फार."

"मी पाचपर्यंत इथेच आहे. डॉक्टरही आहेत. सांगून झालं की त्याला विचारा, इकडे यायचं का. नाही म्हणाला तर ओढू नका, मला फोन करा, मी येते. काय केलं, किती दिवस, आता काय. आठवतंय?"

"आठवतंय."

बाहेर दादा बाकावर ताठ बसला होता. दोन्ही बाटल्या मांडीवर, दोन्हींवर एकेक हात, शेजारी अर्ज. मापाडी त्याच्या शेजारी बसली. समोरच्या भिंतीवर पाणी उकळून कसं प्यावं याचं चित्र होतं. ते तिने निदान हजारदा पाहिलं असेल.

"रिपोर्टला किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"लागणार नाहीत."

"म्हणजे घेत नाही तुम्ही चहा?"

"दादा, हे तपासायची गरज नाही. तुझं बरोबर आहे. पहिल्या बाटलीत औषध आहे. तुझंच, तू खिडकीतून टाकलंस ते."

त्याने मान हलवली. आराखड्यातली एक रेघ जुळावी तशी. "आईने घातलं."

"सोमवारी चहात आईने घातलं. बाकी चौदा महिने रोज कॉफीत मी घातलं. दोन मिलिलिटर."

त्याने दोन्ही बाटल्या उचलून बाकावर ठेवल्या. खिडकीपलीकडे कारकुनाचं हसू मावळलं होतं. तो उगाचच रजिस्टरची पानं उलटत होता. दादाने खिशातून पेन काढलं, अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि संशयाच्या रकान्यातल्या 'आई'वर एक सरळ रेघ मारली. मग पेन खाली सरकलं, त्याने स्वतः आखलेल्या रकान्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं.  मापाडीच्या ओठांवर सगळी कारणं आली होती, तू झोपत नव्हतास, तू जेवत नव्हतास, तू हसलास तेव्हा. ती तिने गिळली.

"आणि उद्या?" तो कागदाकडे बघतच म्हणाला.

"उद्यापासून कपात फक्त कॉफी," मापाडी म्हणाली. "औषधाची बाटली टेबलावर असेल, सगळ्यांसमोर. ते घ्यायचं की आणखी काही घ्यायचं, हे तू डॉक्टरांशी बोलून ठरव. ते आज आहेत, मी बरोबर येते. पण तुला न सांगता मी यापुढे एक थेंबही घालणार नाही."